घरच्या कार्यशाळेतील जुनी मोटार

यंत्र जुने झाले म्हणजे त्याचे काय करावयाचे, या प्रश्नाला मनुष्याने आजवर तीन उत्तरे दिली आहेत. ते चालेल तोवर दुरुस्त करीत राहावे, हे पहिले. ते मुळात जसे होते तसे पुन्हा उभे करावे, हे दुसरे. आणि त्याचा बाह्याकार ठेवून आतील भाग आपल्या आजच्या गरजेप्रमाणे बदलावेत, हे तिसरे. मोटारीच्या बाबतीत यांना अनुक्रमे दुरुस्ती, जीर्णोद्धार आणि फेरफार असे म्हणता येईल. घराच्या आवारात किंवा पत्र्याच्या छपराखाली एखादी जुनी मोटार आणून उभी करणारा हौशी मनुष्य बहुधा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी करू पाहतो. अर्धवट राहिलेल्या बहुतेक गाड्यांचा इतिहास येथूनच सुरू होतो.

या तिन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. परंतु त्यांपैकी आपणास काय हवे आहे याचा निर्णय पहिला नट सैल करण्यापूर्वी व्हावयास हवा. कोणता भाग जपून ठेवावयाचा, कोणता टाकून द्यावयाचा, पैसा कोठे खर्च करावयाचा आणि तयार झालेली गाडी कायद्याने रस्त्यावर आणता येईल की नाही, हे सारे त्या निर्णयावर अवलंबून असते.

विवेचन केवळ तात्त्विक राहू नये म्हणून आपण एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवू. आपल्याकडे 'फियाट' किंवा 'पद्मिनी' या नावाने परिचित असलेली ही मोटार होय. इटलीतील तुरीन येथील फियाट कंपनीने १९५३ साली '११००' या मालिकेतील नवी गाडी बाजारात आणली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या, मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ती १९५४ पासून तयार होऊ लागली. १९६४ पासून तिची सुधारलेली आवृत्ती 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने निघू लागली आणि १९७० नंतरच्या दशकात तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे दीर्घकाळ हीच गाडी होती. तेथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे नाहीशी झाली. तिची समकालीन अँबॅसडर ही उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत होती. पुढील विवेचनातील बरेचसे तिलाही लागू पडेल, आणि जेथे फरक आहे तेथे तो सांगितला आहे.

पद्मिनी घरच्या कार्यशाळेला मानवते याचे कारण तिची साधी रचना. चार सिलिंडरांचे एंजिन उभे बसविलेले असते, ते मागची चाके फिरविते, आणि बॉनेट उघडले की त्याच्या दोन्ही बाजूंना हात घालण्यास जागा मिळते. तिच्यात संगणक नाही. प्रत्येक क्रिया डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते किंवा बोटांना जाणवते. मात्र या साधेपणामुळे एक फसगतही होते, ती पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घ्यावी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तोवर आपल्या देशात नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून हातची गाडी कोणत्याही उपायाने चालू ठेवणे हीच मिस्त्रीची विद्या झाली. या विद्येतील कल्पकतेला तोड नाही. पण तिचे अवशेष आज प्रत्येक जुन्या गाडीच्या अंगावर आहेत. तुटलेल्या कानाला पितळेचा झाळ, मूळ बोल्टाच्या जागी ठोकून बसविलेला दुसऱ्याच आट्यांचा बोल्ट, भोक बुजवण्यासाठी पत्र्यावर चढविलेला दुसरा पत्रा. तेव्हा आपण उघडतो ती कारखान्यातून निघालेली गाडी नसते. चाळीस-पन्नास वर्षांत अनेक हातांनी केलेल्या तडजोडी आपण एकेक करून उलगडीत असतो.

आधी कागद, मग पाना

गाडी विकत घेताना हौशी मनुष्य प्रथम बॉनेट उघडतो. त्याने प्रथम नोंदणी-पुस्तिका उघडावी. चासीचा क्रमांक आणि एंजिनाचा क्रमांक हे दोन्ही पुस्तिकेतील क्रमांकांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. गाडी पूर्वी टॅक्सी असेल, तर तिची नोंद खाजगी वापरात बदलली गेली आहे काय, हे पाहावे. नोंदणी रद्द होऊन भंगारात निघालेली गाडी कितीही सुंदर केली तरी ती आवारातील शोभेची वस्तूच राहते.

फेरफाराविषयी कायद्याची भूमिका कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी-पुस्तिकेतील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ असाच लावला. निकामी एंजिनाच्या जागी त्याच प्रकारचे दुसरे एंजिन बसविता येते, पण त्यासाठी परिवहन कार्यालयाची मान्यता आणि पुस्तिकेत नोंद आवश्यक असते. रंग बदलला तरी तोही नोंदवावा लागतो. याउलट जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले व त्यांच्या नव्या नोंदणीकरिता 'व्हीए' ही अक्षरे असलेली क्रमांकमालिका ठरविली. या सवलतीची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, बॉडी वा एंजिन यांत मोठे बदल झालेले नसावेत. अशा गाडीचा नित्याच्या प्रवासासाठी किंवा धंद्यासाठी उपयोग करता येत नाही, हेही खरे. १९७० च्या आसपासच्या कित्येक फियाट आता या मर्यादेत आल्या आहेत. ज्याने उत्साहाच्या भरात असे एक अस्सल एंजिन भंगारात विकले, त्याने ही वाट स्वतःच बुजविलेली असते.

यातूनच या लेखनाचा मुख्य मुद्दा निघतो. जुन्या वास्तूंची जपणूक करणारे लोक एक दंडक पाळतात : आपण केलेला बदल पुढील पिढीला इच्छा झाल्यास मागे घेता यावा. मोटारीलाही तो लावता येतो. बोल्टांनी बसविलेली वस्तू बोल्ट काढून परत घेता येते. कापलेला पत्रा परत घेता येत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की सुरक्षिततेसाठी अपरिहार्य असेल ते सोडून कोणताही बदल मूळ पत्र्यात नवे भोक न पाडता करता येत नसेल, तर तो करू नये.

जागेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पद्मिनी सुमारे चार मीटर लांब व दीड मीटरहून किंचित कमी रुंद आहे. परंतु सुटी केलेली गाडी जोडलेल्या गाडीच्या निदान दुप्पट जागा व्यापते. जमीन सिमेंटची व सपाट हवी. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. उचललेली गाडी चार भक्कम घोड्यांवर उतरविल्यावाचून तिच्याखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. विटा तर मुळीच वापरू नयेत, कारण त्या पूर्वसूचना न देता फुटतात. पान्यांबाबत एक बारकावा महत्त्वाचा आहे. फियाट ही मिलिमीटरच्या मापाची गाडी, तर अँबॅसडर ही इंची मापाची. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ मिलिमीटरचा पाना त्या नटावर 'जवळजवळ' बसतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे याच 'जवळजवळ'मुळे झिजून गोल होतात.

पत्र्याचे काम

आता त्या फसगतीकडे वळू. एंजिन आवाज करते, धूर सोडते, बंद पडते. म्हणून सारे लक्ष तिकडे जाते. पत्रा मात्र गप्प असतो. पण जुन्या मोटारीचे भवितव्य ठरते ते पत्र्यावर. एंजिन बाजारात मिळते, गिअरबॉक्स मिळते, काचा मिळतात. दिल्लीचे काश्मिरी गेट, कोलकात्याचा मलिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट, मुंबईचा चोर बाजार अशा ठिकाणी चिकाटीने फिरणाऱ्याला अजूनही बरेच काही सापडते. सापडत नाही तो धडधाकट सांगाडा.

याचे कारण गाडीच्या बांधणीत आहे. ट्रकला किंवा जीपला खाली लोखंडी चौकट असते आणि वरची बॉडी तिच्यावर बसविलेली असते. फियाट ११०० किंवा अँबॅसडर यांना अशी निराळी चौकट नाही. तळाचा पत्रा, दारांच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेट्या, दारांमधील खांब आणि छप्पर हे सारे मिळूनच भार पेलतात. अंड्याचे कवच जसे स्वतःच भिंतही असते आणि आधारही, तसाच हा प्रकार. त्यामुळे दाराखालची पेटी कुजली म्हणजे केवळ रूप गेले असे नव्हे, तर गाडीचा कणाच वाकू लागला असे समजावे.

गंज धरतो तो नेमका याच पेट्यांत. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंजण्याची क्रिया सुरू होते, आणि पाण्यात क्षार असला तर ती पुष्कळच वेगाने चालते. म्हणून कोकण, केरळ किंवा ओरिसाच्या किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीची अवस्था राजस्थानातील त्याच वयाच्या गाडीपेक्षा वाईट असते. उघड्या पत्र्यावरचे पाणी उन्हाने वाळते. पोकळ पेटीत शिरलेले पाणी वाळत नाही. पाणी निघून जावे म्हणून कारखान्याने ठेवलेली छिद्रे चिखलाने बुजतात, आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेरच्या रंगावर शेंगदाण्याएवढा फोड दिसू लागतो, तेव्हा आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो.

परीक्षा करण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. एक लहान लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथे तो सुटून पडेल तेथे लोखंड नाही, पुट्टी भरलेली आहे असे समजावे. तळाच्या पत्र्याला व पेट्यांना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने घट्ट दाबून पाहावे. चांगला पत्रा टणक उत्तर देतो, कुजलेला करकरून आत जातो. तिसरी परीक्षा सर्वांत बोलकी आहे. गाडी एका बाजूने जॅकवर घ्यावी आणि त्या बाजूचे दार उघडून पुन्हा लावावे. दार अडकू लागले, किंवा त्याच्या भोवतालची फट वर अरुंद व खाली रुंद झाली, तर सांगाडा स्वतःचा भार पेलण्यास असमर्थ झाला आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी नवशिक्याने ती घेऊ नये.

कापण्याच्या कामात क्रम चुकला की गाडी हातची जाते. कुजलेली पेटी कापून काढण्यापूर्वी सांगाडा सपाट व समतल आधारावर घ्यावा, आणि दाराच्या चौकटीत लोखंडी नळीचा आडवा-तिरपा आधार तात्पुरता झाळून टाकावा. हा आधार न देता पेटी कापली तर गाडी मध्यभागी किंचित खचते. नवी पेटी त्या खचलेल्या स्थितीतच झाळली जाते, आणि मग ते दार पुन्हा कधीही नीट बसत नाही. दोन्ही बाजूंच्या पेट्या एकाच वेळी कापण्याचा मोह टाळावा. एक बाजू पुरी झाल्यावरच दुसरीस हात घालावा.

मोटारीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. वायूच्या ज्योतीने झाळकाम करणारा जुना मिस्त्री तो कौशल्याने जोडतो, पण शिकाऊ हाताने उष्णता फार पसरते आणि पत्रा लाटेसारखा वाकतो. घरी तारेने झाळणारे विजेचे मिग यंत्र अधिक सोयीचे. सलग रेघ न ओढता बोटभर अंतरावर एकेक टिपका द्यावा, तो निवू द्यावा, मग दूरच्या ठिकाणी दुसरा द्यावा. काम कंटाळवाणे आहे, पण यास पर्याय नाही. झाळण्यापूर्वी बॅटरी सोडावी आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढून कार्यशाळेबाहेर ठेवावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, तर जमिनीलगत व खड्ड्यांत साचून राहते, म्हणून वास येत नाही एवढ्यावर विसंबू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, हेही सांगितले पाहिजे. तिला झाळकाम कधीही घरी करू नये.

लहान सुट्या भागांचा गंज काढण्याची एक घरगुती रीत आहे. प्लॅस्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याचे पाणी घ्यावे, त्यात गंजलेला भाग टांगून बॅटरी चार्जरच्या ऋण टोकास जोडावा, आणि धन टोकास साध्या लोखंडाची एखादी निरुपयोगी पट्टी. काही तासांत गंज सैल होऊन कुंचल्याने निघतो आणि खालचे निरोगी लोखंड झिजत नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची मात्र वापरू नये. तिच्यातील क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, सबब पिंप उघड्या हवेत ठेवावे आणि जवळ विडीसुद्धा पेटवू नये.

नवा पत्रा बसल्यावर त्याच्या आतील पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारावे आणि पाणी जाण्याची छिद्रे पुन्हा मोकळी करावीत. हे न करता बाहेरून चकचकीत रंग देणे म्हणजे त्याच गंजाला पुढील दहा वर्षांचे आमंत्रण देणे होय.

वेग आणि ब्रेक

फेरफाराचा पहिला विचार मनात येतो तो शक्तीचा. पद्मिनीचे एंजिन चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपासचे. आजच्या छोट्या गाड्या याहून बऱ्याच पुढे आहेत. मग आजच्या एखाद्या गाडीचे एंजिन हिच्यात का बसवू नये? कायद्याची अडचण वर सांगितलीच आहे. यांत्रिक अडचण अशी की आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत एंजिन आडवे असते व ते पुढची चाके फिरविते. पद्मिनीत ते उभे बसवावयाचे तर त्याला जुळणारी, मागे शक्ती पोहोचविणारी निराळी गिअरबॉक्स शोधावी लागते. नंतर क्लच, प्रॉपेलर शाफ्ट व डिफरन्शियल यांनी तो वाढीव जोर सोसला पाहिजे. एका भागावरचा भार हलका करावा तर तो दुसऱ्यावर जाऊन बसतो, आणि अखेरीस तो सारा ब्रेकवर येतो.

हे आकड्यांनी पाहणे उद्बोधक ठरेल. गाडीचे वजन सुमारे ९०० किलोग्रॅम धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या या गाडीच्या अंगी जी गतिज ऊर्जा असते ती सुमारे १,२५,००० ज्यूल. ब्रेक लावून गाडी उभी केली की ही सारी ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. तेवढ्या उष्णतेने खोलीच्या तापमानाचे सुमारे पावणेचारशे ग्रॅम पाणी उकळीपर्यंत तापेल. वेग दीडपट म्हणजे ताशी ९० किलोमीटर केला, तर ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. आता साडेआठशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चांगले तांब्याभर पाणी तापेल. माणसे व सामान धरले तर आणखी. एवढी उष्णता काही सेकंदांत चार चाकांतील लोखंडाने शोषून घ्यावयाची असते.

पद्मिनीला चारही चाकांत ड्रम ब्रेक आहेत. ड्रम तापला की प्रसरण पावतो, आणि आतून बाहेर दाबणाऱ्या शूपासून दूर सरकतो. शिवाय तापलेल्या लायनिंगची पकड कमी होते. घाट उतरताना पेडल खोल खोल जाऊ लागते ते यामुळे. डिस्क ब्रेकमध्ये तबकडी तापून जाड झाली तरी ती पॅडकडेच सरकते, आणि ती उघडी असल्यामुळे हवेने लवकर निवते. दुसरा दोष याहून गंभीर आहे. जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना एकच तेलमार्ग असे. कोणत्याही एका चाकाशी नळी फुटली तर चारही ब्रेक एकदम जातात. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक हा बदल म्हणूनच समर्थनीय आहे, आणि जुने भाग जपून ठेवले तर तो मागेही घेता येतो.

पण हा बदल 'बसला म्हणजे झाला' असा नाही. डिस्कच्या कॅलिपरला ड्रमच्या सिलिंडरपेक्षा अधिक तेल लागते, म्हणून मास्टर सिलिंडरचा व्यास त्याला जुळणारा हवा. पुढे-मागे दाब योग्य प्रमाणात वाटला गेला नाही, तर जोरात ब्रेक लावताच मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. हे जुळविण्याचे काम ज्याने पूर्वी केले आहे अशा मनुष्याला दाखविल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढणे म्हणजे इतरांच्या जिवाशी खेळ आहे. हौस आपली असली तरी रस्ता सर्वांचा असतो.

ज्यांना बदल नको त्यांनी मूळ ब्रेक तरी पूर्ण नवे करावेत : रबरी नळ्या, सिलिंडरांतील वाट्या, लायनिंग, सारे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलावे. या कामी एंजिनाचे तेल किंवा पेट्रोल कधीही वापरू नये; त्याने रबर फुगते. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडविण्याची गॅरेजांतील सवय घातक आहे. ती ओल्या फडक्याने पुसून काढावी.

एंजिन

एंजिन उघडण्यापूर्वी त्याचे संपीडन मोजावे. एंजिन गरम करून चारही स्पार्क प्लग काढावेत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टरने एंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकावर पाहावा. आकडा किती आहे यापेक्षा चार आकडे परस्परांशी जुळतात काय, हे अधिक महत्त्वाचे. एखादा आकडा फार खाली असेल, तर त्या सिलिंडरात चमचाभर एंजिन-तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजविली. दाब तसाच राहिला तर दोष झडपांत किंवा हेडच्या गॅसकेटमध्ये आहे. एका चमच्याने होणारे हे निदान कित्येकांचे अनावश्यक एंजिन-काम वाचवील.

सिलिंडर झिजले असतील तर ते मोठे कोरून घेणे हे यंत्रशाळेचे काम. घरी ते होत नाही. 'बोअर केल्याने गाडी जोरदार होते' हा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. या एंजिनाचा सिलिंडर ६८ मिलिमीटर व्यासाचा असून पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर आहे. चार सिलिंडरांचे मिळून १०८९ घनसेंटिमीटर भरतात. व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढविला तर आकारमान ११०६ होते, म्हणजे दोन टक्केही वाढ नाही. जोर वाढल्यासारखा वाटतो तो गेलेले संपीडन परत आल्यामुळे.

फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. या दोन धातूंमध्ये नळाचे साधे पाणी वर्षानुवर्षे फिरत राहिले की हेड आतून खात जाते. रेडिएटरमध्ये गंजरोधक मिसळलेले शीतक घालावे. हेडचे नट मध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. अन्यथा हेड वाकते. अँबॅसडरच्या जुन्या एंजिनाचे हेड बिडाचे असून त्यात झडपांच्या बैठकी त्याच धातूत कापलेल्या आहेत. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे व त्याचा पातळ थर या बैठकींचे रक्षण करी. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. सतत वेगाने चालवावयाच्या अँबॅसडरला कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेणे म्हणून शहाणपणाचे.

पेट्रोलचा आणखी एक प्रश्न ताजा आहे. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. इंधनाच्या नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

विद्युत्-योजनेत दोन बदल निःशंकपणे करावेत. जुना डायनामो मंद गतीला पुरेसा प्रवाह देत नाही, म्हणून सिग्नलवर थांबताच दिवे पिवळे पडतात; त्याच्या जागी अल्टरनेटर बसविता येतो. दिव्यांचा पूर्ण प्रवाह डॅशबोर्डवरील चाळीस वर्षांच्या खटक्यातून न नेता रिलेमधून न्यावा. हे दोन्ही बदल बोल्ट व तारा काढून मागे घेता येतात, आणि अंधारात त्यांची किंमत कळते.

रंगाविषयी एवढेच, की त्यावरच लोक सर्वांत अधिक बोलतात आणि तोच सर्वांत शेवटी यावा. दोन घटक मिसळून लावावयाचे आधुनिक रंग फवारताना जी वाफ निघते तिच्यातील आयसोसायनेटे फुप्फुसांना फार अपायकारक असतात. त्यांच्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो, नाकाला बांधलेला रुमाल नव्हे. घराला लागून असलेल्या छपराखाली हे काम करू नये. ते रंगशाळेकडे सोपवावे आणि आपण त्याखालची घासाई जिवापाड करावी.

गाडी जोडून पुरी झाली की तिला लगेच दूरच्या प्रवासाला नेण्याची ऊर्मी येते. ती आवरावी. प्रथम एंजिन दार उघडे टाकूनच चालवावे, कारण बंद जागेत धुरातील कार्बन मोनॉक्साइड रंग किंवा वास न दाखविता मारतो. नंतर रिकाम्या रस्त्यावर ताशी वीस-तीसच्या वेगाने ब्रेक पाहावेत, परत येऊन चाकांचे, स्टिअरिंगचे आणि पाट्यांचे सर्व नट पुन्हा आवळावेत. नव्याने बांधलेल्या एंजिनाचे पहिले तेल पाचशे किलोमीटरच्या आतच बदलावे. काढलेले तेल स्वच्छ पांढऱ्या कापडातून गाळून उन्हात धरावे. कापडावर पिठासारखी चकाकती धूळ दिसली तर ती नव्या रिंगांची आहे, तिची चिंता नको. परंतु नखाला लागतील असे कण दिसले, तर खालची तेलाची तळी उतरवून बेअरिंगे पाहिल्याखेरीज ते एंजिन पुन्हा सुरू करू नये.